बाबांच्या जॅकेटवरची पांढरी बुरशी, आणि जी बुरशी नव्हती ती

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका ताईंकडे त्यांच्या वडिलांचं पंचवीसेक वर्षांपूर्वीचं काळं चामडी जॅकेट आहे. जूनपासून ते प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून कपाटात टांगलेलं होतं. डिसेंबरात मनालीला जायचं म्हणून बाहेर काढलं, तर पाठीवर, काखेत आणि खिशांच्या आत पांढरे ठिपके. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं, वर खोबरेल तेल चोळलं. चार दिवस झकास दिसलं आणि आठव्या दिवशी पुन्हा पांढरं. कॉलर तर पुठ्ठ्यासारखी कडक झाली आहे. शिवाय चार वर्षांपूर्वी घेतलेली हँडबॅग सोलायला लागली आहे, आणि कोल्हापुरीला कुठलं तेल लावायचं हेही त्यांना विचारायचं आहे. जाता जाता जॅकेटची चेन अडकते, असंही त्यांनी लिहिलंय.

ताई, पहिलं काम म्हणजे तेलाची बाटली बाजूला ठेवा. जॅकेट बिघडलेलं नाही, वाचेल. पण तुमच्याकडे एक नाही, दोन पांढरे रोग झालेत आणि दुसरा तुम्ही स्वतः लावलाय. रागावू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दर चार जॅकेटांतलं एक तरी असंच प्रेमानं तेल पाजून आणलेलं असतं.

माझी ओळख एवढीच. घराणं कोल्हापूरच्या सुभाषनगरातलं, आजोबा पायताणं करायचे. मामांनी मला धारावीत बॅगांचं आणि जॅकेटांचं काम शिकवलं, आणि गेली सत्तावीस वर्षं मी पुण्यात चामड्याच्या वस्तू दुरुस्त करतोय. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: आपल्या हवेत चामडं उपाशी मरत नाही, गुदमरून मरतं. इंटरनेटवर दिसणारा ‘दर महिन्याला कंडिशनर लावा’ हा सल्ला बहुतेक वेळा अशा देशातून आलेला असतो, जिथे हिवाळाभर हीटर चालू असतात आणि घरातली हवा कोरडी ठणठणीत असते. आपल्याकडे चार महिने कपाटातलं मीठसुद्धा पाझरतं. तिथला उपाय इथे चालवला की बुरशीला आयतं जेवण मिळतं.

आता तुमचे दोन रोग. जूनपासून कव्हरात राहिलेल्या जॅकेटवर आलेले गोल गोल ठिपके, काखेत आणि खिशात जास्त, कुबट वास: ही शंभर टक्के बुरशी. काखेत आणि खिशातच का, तर तिथे घाम आणि हाताचा तेलकटपणा असतो, ते तिचं खाद्य. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की तिला बाकी काही लागत नाही, आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरात त्याहून जास्तच दमटपणा कोंडलेला असतो. पण डिसेंबरातल्या नाशकात, कोरड्या हवेत, कपाटाबाहेर काढून ठेवलेल्या जॅकेटवर आठ दिवसांत नवी बुरशी येणं कठीण आहे. तो दुसरा पांढरेपणा म्हणजे तुमचं खोबरेल. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते की नाही? साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजायला लागतं. बाटलीत थिजतं तसंच ते चामड्याच्या छिद्रांत थिजतं आणि साय आल्यासारखं वर दिसतं.

खात्री करून घ्यायला हेअर ड्रायर पुरे. सगळ्यात कमी गरम ठेवायचा, वीतभर लांब धरायचा आणि पांढऱ्या जागेवर अर्धा मिनिट फिरवायचा. पांढरेपणा विरघळून गायब झाला तर ती चरबी, म्हणजे थिजलेलं तेल. तसाच राहिला तर बुरशी. नातवंडांचं भिंग असेल घरात तर त्यातूनही बघा, बुरशी कापसाच्या तंतूंसारखी दिसते, चरबी दाणेदार किंवा मेणचट.

चरबी निघाली तर तिथेच गरम असताना कोरड्या सुती फडक्यानं टिपायची. चोळायचं नाही, टिपायचं. फडकं बदलत राहायचं. बनियनचं जुनं कापड यासाठी सगळ्यात चांगलं. तीन-चार दिवस रोज थोडं थोडं करा, एका बैठकीत सगळं काढायच्या नादात ड्रायर जवळ नेऊ नका. जितकं तेल आत मुरलंय ते सगळं निघणार नाही, आणि निघायची गरजही नाही.

बुरशीचं काम गॅलरीत करा, घरात नाही. नाकातोंडाला मास्क लावा, वाऱ्याकडे पाठ करा. मऊ ब्रशनं (बाबांचा दाढीचा जुना ब्रश असेल तर तोच घ्या) वरची भुकटी झटका. ओलं फडकं आधी लावलंत तर ती भुकटी पसरते आणि शिवणीत जाऊन बसते, तुमच्या पहिल्या पुसण्यात नेमकं तेच झालं असणार. झटकून झालं की मेडिकलच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं मिसळा. त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, इतकं की थेंब पडता कामा नये, आणि आधी जॅकेटच्या आतल्या पट्टीवर, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, लावून बघा. फडक्यावर काळा रंग आला तर थांबा. म्हणजे त्या चामड्यावर वरचा रंगाचा थर नाही, रंग आतपर्यंत मुरवलेला आहे, आणि अल्कोहोल तो ओढून काढेल. अशा वेळी नुसता कोरडा ब्रश आणि हवा, पुढचं कारागिरावर सोडा. रंग आला नाही तर एकेक भाग पुसत जा. अल्कोहोल नको वाटलं तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, तेही चालतं. वास दोन दिवसांत उडतो.

खिसे उलटे करा. सगळे. आतल्या छुप्या खिशातसुद्धा हात घाला. बुरशीचं मूळ घर अस्तर असतं आणि लोक बाहेरचं चकाचक करून तसंच कपाटात ठेवतात. मग पुढच्या श्रावणात पुन्हा मला फोन. अस्तर पुसून झालं की दोन दिवस पंख्याखाली, सावलीत टांगा. सकाळचं कोवळं ऊन वीसेक मिनिटं दाखवलंत तर हरकत नाही, नऊनंतरचं नको. आणि कपाट! ते रिकामं करून आतून पुसल्याशिवाय जॅकेट परत ठेवायचं नाही, नाहीतर बीज तिथेच पडून आहे.

इथे जरा थांबून चामडं म्हणजे काय ते सांगतो, कारण त्यानंतरच्या निम्म्या गोष्टी तुम्हाला आपोआप कळतील. कातडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची जाळी. तशीच ठेवली तर कुजते, वाळवली तर लाकडासारखी होते. ती कुजू नये म्हणून ती ‘कमावतात’. आपल्याकडची जुनी पद्धत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. जॅकेटं, पाकिटं, बहुतेक हँडबॅगा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या असतात, ते काम एका दिवसात होतं आणि चामडं मऊ, हलकं निघतं. त्यानंतर तंतू एकमेकांवर घसरावेत म्हणून कारखान्यातच आत तेल मुरवतात. जॅकेटचा मऊपणा तो असतो, वरून चोळलेल्या तेलाचा नाही. आणि कमावलेलं चामडं किंचित आंबट असतं, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण साडेतीन ते पाचच्या मधला. आपला कपड्यांचा किंवा अंगाचा साबण नऊ-दहाचा. म्हणजे साबणानं जॅकेट पुसणं हे दुधात चुना घालण्यासारखं आहे. व्हिनेगर चालतं आणि साबण चालत नाही, त्याचं कारण हे.

पाण्याचंही असंच. ओलं झालं म्हणून चामडं मरत नाही, ओलं असताना तापवलं की मरतं. भिजलेले तंतू कोरड्यापेक्षा फार कमी उष्णतेला आखडतात, आणि एकदा आखडले की कुणाचा बापही ते परत ताणू शकत नाही. शिकाऊ असताना मी एका गिऱ्हाइकाची भिजलेली शाळामास्तरी बॅग, झाडाच्या सालीनं कमावलेल्या जाड चामड्याची, लवकर वाळावी म्हणून मे महिन्यात पोटमाळ्यावरच्या पत्र्यावर ठेवली. दुपारी बघतो तर झाकण दोन बोटं आखूड, पट्टा बक्कलपर्यंत पोचेना. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी झाकण उसवलं, नवं कापलं आणि त्याचे पैसे माझ्या आठवड्यातून वजा केले. म्हणून सांगतो, मनालीत जॅकेट बर्फात भिजलं तर हॉटेलच्या हीटरवर टाकू नका. कोरड्या टॉवेलनं टिपा, जाड खांद्याच्या हँगरला लावा, खोलीतल्या लांबच्या कोपऱ्यात टांगा. सकाळपर्यंत थोडं दमट राहिलं तर राहू दे.

आता कॉलर. ही खास आपली अडचण. डोक्याला तेल, मानेला घाम, वर हेल्मेटचा पट्टा. घामातलं मीठ चामड्यात राहतं आणि आतलं मूळचं तेल हळूहळू जातं, म्हणून कडकपणा येतो. वरून केसांचं तेल धूळ धरून काळा चिकट थर करतं. म्हणजे आत कोरडं आणि बाहेर तेलकट, दोन्ही एकदम. आधी वरचा थर काढायचा. लहान बाळाचा सौम्य शॅम्पू वाटीभर कोमट पाण्यात अर्धा चमचा, घुसळून फेस करा आणि फक्त फेस फडक्यावर घ्या. पाणी नाही, फेस. गोल गोल न घासता एकाच दिशेनं पुसा, मग साध्या ओल्या पिळलेल्या फडक्यानं दोनदा. एक रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पाण्यावर आधारित चांगलं लेदर कंडिशनर, वाटाण्याएवढं, बोटानं नव्हे तर फडक्यानं, कॉलरच्या दोन्ही बाजूंना. अर्ध्या तासानं पालथ्या हातानं स्पर्श करा. चिकट लागलं तर जास्त झालं, कोरड्या फडक्यानं काढा. आठवड्यानं गरज वाटली तर पुन्हा वाटाण्याएवढं. पूर्ण मऊ होईल असं वचन मी देत नाही. पंचवीस वर्षांच्या घामाचा हिशेब आहे तो. वळेल आणि मानेला टोचणार नाही इतकं नक्की होईल. वापरताना आतून रुमाल किंवा मफलर घाला.

बाकीच्या जॅकेटला सध्या कंडिशनर नको. त्यात तुमचं खोबरेल भरपूर आहे.

बुटांचं काळं पॉलिश तर अजिबात नाही. पॉलिशमधलं मेण आणि रंग बुटावर ठीक आहे, बूट कशाला घासत नाही. जॅकेट तुमच्या शर्टाला, गाडीच्या सीटला, शेजारी बसलेल्या माणसाला घासतं. एका नवरदेवाच्या मित्राच्या जॅकेटनं मिठी मारताना पांढऱ्या शेरवानीवर उमटवलेला पट्टा मी स्वतः पाहिलाय. आणि साध्या लाँड्रीत ड्रायक्लीनला देऊ नका. तिथलं रसायन कपड्यातला तेलकट डाग विरघळवतं, तसंच चामड्यातलं कारखान्यात मुरवलेलं तेलही काढून घेतं. असं एक जॅकेट माझ्याकडे आलं होतं, लाँड्रीवाल्यानं ‘आम्ही लेदर करतो’ म्हणून घेतलेलं. पापडासारखं वाजत होतं. तीन आठवडे थोडं थोडं तेल आत घालून मी ते घालण्याजोगं केलं, पण रंग ठिकठिकाणी वेगळा झाला तो झालाच. चामड्याचं काम करणारा माणूस साफ करून झाल्यावर पुन्हा तेल मुरवतो, रंग सारखा करतो. देण्याआधी एवढंच विचारा: साफ केल्यावर तेल परत घालता का? प्रश्नच कळला नाही तर जॅकेट घेऊन घरी या.

हँडबॅगबद्दल वाईट बातमी आहे. सोललेल्या जागी खाली काय दिसतं ते बघा. कापडाची वीण दिसत असेल तर ती बॅग चामड्याची नव्हती, कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेलं रेक्झीन, दुकानदाराच्या भाषेत पीयू लेदर. करड्या पुठ्ठ्यासारखा चुरा दिसत असेल तर चामड्याच्या कारखान्यातला भुगा चिकटवून केलेलं ‘बाँडेड’. या दोन्हींचा वरचा थर दमट हवेतल्या पाण्यानं हळूहळू तुटत जातो, वापरा नाहीतर नुसती कपाटात ठेवा. उलट कपाटात लवकर. लोकांना हे पटत नाही, ‘अहो, मी तर सणासुदीलाच काढायचे’ म्हणतात. त्यावर तेल, क्रीम, काहीही चालत नाही. थर सुटला की सुटला. पट्टे तेवढे सोलले असतील तर ते चामड्याचे बदलून मिळतात आणि बॅग आणखी वर्षभर निघते, पण मी गिऱ्हाइकाला हा खर्च करू नका असंच सांगतो. तिसरी शक्यता, खाली मऊ लवदार, स्वेडसारखं दिसलं तर नशीब चांगलं. ते खरं चामडं आहे आणि फक्त वरचा रंग उडालाय. तो परत चढवता येतो.

आणि खऱ्या चामड्याच्या बॅगांचा रंग असा उडायचं सध्याचं मोठं कारण सांगू? सॅनिटायझर. २०२० नंतर माझ्याकडे हँडलचा रंग गेलेल्या बॅगांची रांग लागली. हाताला सॅनिटायझर चोळायचं आणि ओल्या हातानंच पर्स उचलायची, अल्कोहोल रोज थोडा थोडा रंग खातं. हात वाळू द्या, मग उचला. नेलपेंट काढायचं द्रव तर त्याहून वाईट, पेनाचा डाग काढायला ते लावलंत तर डागासकट रंग जातो आणि मग माझ्याकडे डाग नव्हे, भोक झाकायला आणता. बॉलपेनचा डाग ताजा असताना कोरड्या फडक्यानं टिपा आणि सोडून द्या. फिकट रंगाच्या बॅगेवर नव्या जीन्सची निळाई बसते तीही तशीच हट्टी असते. नवी जीन्स दोन-चारदा धुवेपर्यंत ती बॅग त्या मांडीवर घेऊ नका, बस.

हळदीकुंकवाचे दिवस जवळ आलेत म्हणून एक जादा. पर्सवर हळद सांडली तर कोरड्या ब्रशनं झटका. साबणाचं फडकं लावलंत तर पिवळा डाग क्षणात लालभडक होतो, कारण हळद अल्कलीत लाल होते, तीच लहानपणची चुन्याची गंमत. राहिलेला पिवळेपणा उजेडानं विटतो. खिडकीपाशी, थेट ऊन न लागता, आठवडाभर ठेवा.

कोल्हापुरीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, त्यामुळे थोडं जास्त बोलेन. पारंपरिक पायताण म्हशीच्या जाड कातड्याचं, बाभूळ-हिरड्यात कमावलेलं आणि चामड्याच्याच वादीनं शिवलेलं असतं. २०१९ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. मानांकनानं चपलेला पावसापासून वाचवलं नाही, तेवढं आपणच करायचं. सालीनं कमावलेलं चामडं पाणी भराभर पितं, फुगतं, वादी सैल होते आणि तळाचे थर सुटतात. म्हणून जूनमध्ये ती पुसून, वाळवून, कागदात गुंडाळून माळ्यावर नव्हे, वारा लागेल अशा फडताळावर ठेवायची. बंद शू-रॅकच्या खालच्या कप्प्यात, शेजारी ओले बूट, ही तिची मसणवाट.

तेल लावायचं ते एरंडेल. कारण सांगतो. खोबरेल थंडीत थिजतं हे तुम्ही पाहिलंतच. करडईचं आणि जवसाचं तेल हवा लागून सुकतं, चिकट होतं आणि शेवटी कडक थर धरतं. जवसाचं तर रंगात घालतात ते याच गुणासाठी. एरंडेल असं सुकत नाही, ते चामड्यात ओलसर राहतं. घट्ट असतं म्हणून बाटली गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवायची, फडक्यावर पाच-सहा थेंब घ्यायचे, आणि पट्ट्याला, कानांना (बाजूच्या पाकळ्यांना), अंगठ्याला आतल्या बाजूनं लावायचं. तळाला वरून लावू नका, पाय घसरतो आणि साडीच्या काठाला तेल लागतं. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचं. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या आसपास. तळणीचं उरलेलं तेल कुणी सुचवलं तर त्या माणसाकडे चपला ठेवायलाही जाऊ नका, झुरळं येतात.

नवी कोल्हापुरी चावतेच. पहिला आठवडा घरातल्या घरात तासभर, पट्ट्याला आतून एरंडेल, बोटांना पट्टी. करकर वाजते ती मात्र बिघाड समजू नका, काही गिऱ्हाइकं मुद्दाम वाजणारी मागतात.

भिजलीच तर ती आडवी टाकू नका. भिंतीला उभी टेकवा, म्हणजे तळाला दोन्हीकडून वारा लागतो. पूर्ण वाळायच्या जरा आधी, किंचित दमट असताना, दोन थेंब एरंडेल.

नागपूर-अकोल्याकडच्या लोकांसाठी एक पुरवणी, कारण वर लिहिलेलं सगळं नाशिक-पुणे-मुंबई-कोकणाच्या हिशेबानं आहे. तिकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की चामडं खरोखर सुकतं, पट्ट्याला भेगा पडतात. तिथे फेब्रुवारीत एकदा क्रीम लावून ठेवणं योग्य. फक्त कूलरच्या खोलीत चामड्याचं कपाट नको. बाहेर रखरखाट आणि त्या खोलीत कोकण, अशी अवस्था असते. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्यांना रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाचा त्रास: बुटांवर पांढरी नागमोडी रेघ. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, त्याच दिवशी पुसा. तुमच्या घरात हीटर असतो, तेव्हा कंडिशनरचा नियम तुम्हाला लागू आहे, आम्हाला नाही.

स्वेड आणि नुबक, म्हणजे मखमलीसारखं लवदार चामडं, यांना यातलं काहीच लावू नका. कोरडा ब्रश, डागाला पेन्सिलीचं पांढरं खोडरबर, तेलाच्या डागावर रात्रभर टाल्कम पावडर आणि सकाळी झटका. पावसाळ्यात वापरायचंच नाही, विषय संपला.

ठेवण्याबद्दल. ताई, ते प्लॅस्टिकचं कव्हर आजच फेकून द्या. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा जॅकेटवरून टाका, धूळ अडते आणि हवा जाते. हँगर जाड लाकडी, तारेचा नको, खांद्याला शिंग येतात. डांबराच्या गोळ्या टाकल्या म्हणजे बुरशी येत नाही हा गैरसमज. त्या कसरीला पळवतात, बुरशीला काही करत नाहीत, आणि चामडं तो वास इतका शोषतं की वर्षभर जात नाही. सिलिका जेल चालेल, पण पुड्या एकदा टाकून वर्षानुवर्षं विसरल्या तर ते नुसते खडे असतात. निळ्या रंगाचे घेतले तर दमट झाल्यावर गुलाबी होतात, मग ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास वाळवून परत वापरायचे. ओव्हन स्वयंपाकाचा असेल तर मात्र ही भानगड करू नका, नव्या पुड्या घ्या. खरा उपाय याहून स्वस्त आहे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, ज्या दिवशी उघडीप असेल त्या दिवशी, जॅकेट, बॅगा, पट्टे बाहेर काढायचे आणि दुपारभर पंख्याखाली ठेवायचे. कपाटाचं दार उघडं. बॅगांत पांढरा कागद किंवा जुनी उशी कोंबा. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. पट्टे बक्कलनं टांगा. रेक्झीनची वस्तू आणि चामड्याची वस्तू एकमेकींना चिकटवून ठेवू नका, रंग एकीतून दुसरीत उतरतो.

चेन अडकते म्हणालात, ती बदलायची घाई नको. त्या काळातल्या जॅकेटांना पितळी चेन असायची, तशी आता सहज मिळत नाही, आणि बदलायला दोन्हीकडची पट्टी उसवावी लागते. जुन्या चामड्यात पहिल्या सुईची भोकं असतात. त्यांच्याशेजारी नवी पाडली की पोस्टाच्या तिकिटासारखं तिथून फाटतं, म्हणून कारागिराकडे दिलंत तरी जुन्याच भोकांतून हातानं शिवायला सांगा. त्याआधी कोरड्या टूथब्रशनं दाते झाडा, बुरशीची भुकटी तिथेही बसलेली असेल. मग पांढरी मेणबत्ती दोन्ही बाजूंच्या दातांवर घासा आणि धावता (चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा) दहा-बारा वेळा वरखाली करा. बहुतेक एवढ्यानं चालेल. नाहीच चालली तर धावता तेवढा बदलून मिळतो, दहा मिनिटांचं काम आहे, मनालीला निघायच्या आदल्या दिवशीही होईल.